पाळण्याची कडी

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या घरी पाळण्याची कडी तुटली. नात तेव्हा आईच्या मांडीवर दूध पीत होती म्हणून निभावलं. रिकामा पाळणा एका अंगाने धाडकन खाली आला आणि मी पिठाच्या हातांनी तशीच धावले.

"वजन झेपलं नसेल," असा घरातल्या पुरुषांनी निकाल दिला. अहो, सहा किलोच्या पोरीचं वजन ते काय! याच कडीला तिचा बाप झुलला, त्याच्या दोन्ही बहिणी झुलल्या. ते काही मला पटेना. एटापल्लीच्या आठवडी बाजारात गेले तेव्हा कडी पिशवीत घातली आणि लोहाराला दाखवली. त्याने ती उन्हात धरली नि म्हणाला, "बाई, हे आज नाही तुटलं जी."

नीट पाहिलं तर तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग काळपट, गंजलेला होता. एका कडेला तेवढी चंद्रकोरीएवढी जागा नव्या नाण्यासारखी चकचकीत. काळी बाजू म्हणजे जुनी चीर. तिच्यात हवा-पाणी शिरून गंज धरलेला. त्या दिवशी तुटली ती फक्त चकचकीत कोर. म्हणजे तेवढ्याशा लोखंडावर आमची पोर किती दिवस झुलत होती कोण जाणे! त्या रात्री मला झोप आली नाही.

इंजिनियर लोक याला धातूचा थकवा म्हणतात. एका झोक्याने कडीचं काही बिघडत नाही. पण हजारो झोक्यांनी तीच जागा पुन्हापुन्हा ताणली जाते, तिथे केसाएवढी चीर पडते आणि झोक्यागणिक कणाकणाने पुढे सरकते. आणि हा थकवा आपल्यासारखा विश्रांतीने उतरत नाही, बरं का!

चीर पुढे का सरकते, ते कापडवाल्याकडे पाहा. अखंड कापड हाताने फाडायला जा, फाटणार नाही. तो कडेला कात्रीने इवलासा काप देतो आणि एका झटक्यात टर्रकन फाडतो. सगळा ताण त्या कापाच्या टोकाशी एकवटतो ना! ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनियरने काचेवर प्रयोग करून १९२१ साली हेच मांडलं. काचेतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा तिला कमकुवत करतात, आणि चीर जितकी लांब तितका ती वाढायला कमी ताण पुरतो. म्हणून तर चीर आधी हळूहळू वाढते आणि शेवटी एकदम दगा देते.

एकदम वळणारे कोपरेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा १०३ मीटर उंचीच्या त्या धरणालाही आडव्या चिरा पडल्या. धरणाच्या मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, नेमक्या त्या उंचीच्या आसपास! धरण उभं राहिलं आणि पुढे त्याला भक्कम टेकू देण्यात आले. १९५४ साली इंग्लंडची दोन कॉमेट विमानं मात्र आकाशातच फुटली. हवेच्या दाबाने त्यांचं अंग दर फेरीला फुगायचं, पुन्हा सैल व्हायचं. पत्र्यात खिडक्यांसाठी कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांशी ताण साठायचा. तिथून चीर सुरू झाली.

आता आपल्या घरात या. कुडत्याच्या बाजूच्या कटाच्या टोकाला शिंपी दोन आडवे टाके घालतो, ते शोभेसाठी नव्हेत. प्लॅस्टिकच्या बादलीला चीर गेली तर चिरेच्या अगदी टोकाला तापवलेल्या खिळ्याने गोल भोक पाडा आणि मग वरून ठिगळ लावा. टोक बोथट झालं की चीर सहसा पुढे जात नाही. पण हे बादलीपुरतंच हं! कुकरच्या झाकणाला, भांड्याला किंवा दांड्याला चीर दिसली तर डागडुजी नको, तो भाग बदलायचाच. गॅसची नळी महिन्यातून एकदा वाकवून पाहा. रबर फाटल्यासारखं दिसलं की ती काढून टाका. आणि दिसायला चांगली असली तरी तिच्यावर छापलेली मुदत उलटू देऊ नका. काचेचे पेले तारेच्या घासणीने घासू नका. तो ओरखडाच पुढे कढत चहाने तडकतो.

माठ घेताना आपण टिचकी मारतो, खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर ठेवतो. पाळण्याच्या कडीला ही परीक्षा पुरत नाही. तिच्यासाठी लोहाराने सांगितलेली युक्ती अशी: कडी स्वच्छ करून शिवणयंत्राचं पातळ तेल लावायचं, थोडा वेळ थांबून कोरड्या फडक्याने अगदी निपटून पुसायचं आणि वरून खडूची पूड चोळायची. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. वाकलेला भाग आणि दोरी जिथे घासते ती जागा आधी पाहा.

"जुनीच जोडून देऊ का?" असंही लोहाराने विचारलं होतं. मी नाही म्हटलं. नवी कडी जाड सळईची, मोठ्या गोल वळणाची करून घेतली, कुठे ठोकल्याचा खाचा नको म्हणून समोर बसून. सूनबाईने खडूची डबी आता तिटाच्या डबीशेजारीच ठेवली आहे.