काम सोडायलाही आधार लागतो

आवडत नसेल तर काम सोडा, हा सल्ला पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री असलेल्यांना परवडतो. अजिंठ्याच्या पायऱ्यांवर डोलीचा दांडा खांद्यावर घेणाऱ्या चौघांना तो देऊन पाहा. सोमवारी लेणी बंद, उन्हाळ्यात पर्यटक विरळ, २०२० मध्ये तर कोरोनामुळे कित्येक महिने कुलूप. घरखर्च मात्र थांबत नाही. या माणसांत धाडसाची उणीव नाही. जुनं काम सुटून नवं मिळेपर्यंत घर कशावर चालवायचं, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, सक्ती कुठे आहे, ते स्वखुशीने येतात. पण दुसरा पर्यायच नसेल तर त्या खुशीला अर्थ काय? माथेरानच्या हातरिक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हेच ओळखलं. प्रथा सहा महिन्यांत बंद करा, पण ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने द्या आणि निधी नसल्याची सबब सांगू नका, असं राज्य सरकारला बजावलं. अजिंठ्यात ई-रिक्षा पायऱ्या चढणार नाही, हे खरं. आणि डोलीवर नुसती बंदी आली तर चुली विझतील, वृद्धांचं लेणीदर्शनही थांबेल. म्हणून सरकारने डोलीवाल्यांना आधी दुसरं काम शिकवावं, आणि शिकण्याच्या काळातली रोजंदारीही द्यावी.