लवंगी मिरची कुणाची?

दोस्तांनो, आज एक अगदी सोपा प्रश्न. कोल्हापूरच्या लवंगी मिरचीची ती झणझणीत लावणी कुणाची? "सुलोचना चव्हाणांची!" घरातली आजीसुद्धा पटकन सांगेल.

उत्तर बरोबर, पण अर्धंच! आवाज सुलोचनाबाईंचा, चाल वसंत पवारांची. पण ठसक्यात बोलणारी ती बाई कागदावर उभी कुणी केली? कोल्हापूरच्या एका शाळामास्तरांनी! त्यांचं नाव जगदीश खेबुडकर. 'रंगल्या रात्री अशा' हा चित्रपट आला १९६२ साली आणि या लावणीनं खेबुडकरांचं चित्रपटांतलं खातं उघडलं. पुढे तीनशेहून जास्त चित्रपटांसाठी त्यांनी गाणी लिहिली.

त्यांचा जन्म १९३२ चा, कोल्हापूर जिल्ह्यातला. सोळाव्या वर्षात असताना त्यांच्यावर मोठं संकट कोसळलं. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि महाराष्ट्रात जाळपोळ उसळली. त्यात खेबुडकरांचं राहतं घर जळालं. तुमच्याच वयाचा मुलगा! त्यानं काय करावं? हाती दगड घ्यावा? या मुलानं लेखणी घेतली आणि माणुसकीच्या दुःखावर एक दीर्घकाव्य लिहिलं.

त्याच आगीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओही जळाला होता. तो होता भालजी पेंढारकरांचा. भालजींनी तो पुन्हा उभा केला. १९६५ साली त्यांचा 'साधी माणसं' आला. त्यात लोहाराच्या ऐरणीला देव मानून ठिणग्या वाहणारं एक गाणं आहे. ते खेबुडकरांचं. आगीनं दोघांचंही नुकसान केलं होतं, पण या गाण्यातली आग घर जाळत नाही, कष्टकऱ्याला भाकरी देते. गायल्या लता मंगेशकर आणि संगीत 'आनंदघन' यांचं. हे आनंदघन कोण, ठाऊक आहे? खुद्द लताबाईच!

आता १९७२ सालाकडे या. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला आणि राम कदमांच्या चालींवर गावोगाव शिट्ट्या पडल्या. या चित्रपटासाठी खेबुडकरांनी शंभरावर लावण्या लिहिल्या आणि त्यांतल्या मोजक्याच निवडल्या गेल्या, असं सांगतात. त्याच वर्षी 'आम्ही जातो अमुच्या गावा'मध्ये देहाला तिजोरी म्हणणारं शांत भक्तिगीत सुधीर फडके यांच्या आवाजात लोकांनी ऐकलं. तेही खेबुडकरांचंच! एकाच लेखणीतून घुंगरूही वाजले आणि टाळही. पुढे 'अष्टविनायक' चित्रपटात त्यांनी आठही गणपतींची यात्रा एका गाण्यात घडवली.

हे काम वाटतं तितकं सोपं नसतं बरं का! चित्रपटात बऱ्याचदा चाल आधी तयार होते. संगीतकार "ला ला ला" गुणगुणतो आणि गीतकारानं त्याच मापात शब्द बसवायचे. एक अक्षर जास्त झालं तर गायकाचा श्वास अडकतो. शिवाय बोलणारं पात्र लोहारीण आहे की तमाशातली नर्तकी, तेही शब्दांतून कळलं पाहिजे. म्हणजे शिंप्यानं बेतून दिलेल्या कापडावरच नक्षी काढायची आणि शिवण कुठं दिसू द्यायची नाही!

शिवण इतकी छान लपते, की शिवणाराच विसरला जातो. नाचणारी नायिका पोस्टरवर दिसते, गायिकेचं नाव तोंडावर असतं. रेडिओवर निदान निवेदक गीतकाराचं नाव सांगायचे. आता मोबाइलवर गाणं लावलं की पुष्कळदा ते नाव शोधावंच लागतं.

प्रश्न नुसत्या नावाचाही नाही. पूर्वी बहुतेक गीतकारांना गाण्याचे पैसे एकदाच मिळायचे. मग ते गाणं हजार वेळा वाजलं तरी त्यांचा खिसा तसाच! २०१२ साली आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा बदलला. चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे रेडिओ, टीव्ही, मोबाइलवर गाणं वाजलं की मिळणाऱ्या मानधनात गीतकार आणि संगीतकार यांचाही वाटा ठरला. हा वाटा त्यांच्याकडून कुणी लिहून घेऊ शकत नाही. खेबुडकर मात्र ३ मे २०११ रोजी कोल्हापुरातच गेले. कायद्याला एक वर्ष उशीर झाला.

कायदा पैसे देईल, पण नाव लक्षात ठेवणं आपल्याच हातात. तेव्हा या रविवारी एक गंमत करा. घरातल्या मोठ्यांना त्यांची आवडती पाच गाणी विचारा. वहीत तीन रकाने आखा: गायक, संगीतकार, गीतकार. पहिला रकाना झटकन भरेल. तिसरा भरायला किती वेळ लागतो, तेवढं घड्याळ लावून बघा!