झोपाळू झाडांची बाग

मुलांनो, फेब्रुवारी-मार्चमध्ये गॅलरीतली एखादी कुंडी अगदी रिकामी दिसते. पानं वाळलेली, माती कोरडीठाक. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "गेलं ते झाड, माती टाकून दे." थांबा! टाकण्याआधी त्या मातीत हात घालून पहा. एखादा टणक गड्डा हाताला लागला, तर झाड मेलेलं नाही. ते चक्क झोपलं आहे! आज आपण अशाच झोपाळू झाडांची बाग लावायची आहे.

आधी थोडा भूगोल. नकाशात कर्कवृत्त शोधा. साडेतेवीस अंश उत्तर अक्षांशावर ते सापडेल. आपला सगळा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेला आहे. आमची बेलवली, म्हणजे बदलापूरजवळचा भाग, साधारण १९ अंशांवर. म्हणजे आपण सगळे उष्ण कटिबंधात राहतो. लंडनमधल्या लोकांना उष्ण कटिबंधातली झाडं पाहायची हौस आली, तेव्हा त्यांना काय करावं लागलं ठाऊक आहे? क्यू नावाच्या प्रसिद्ध बागेत १८४४ ते १८४८ या काळात एक प्रचंड काचघर बांधलं. आत ऊब राहावी म्हणून तळघरात कोळशाच्या भट्ट्या पेटवल्या. आपल्याला यातलं काहीच करायला नको. आपल्या गॅलरीत ऊन आणि दमट हवा फुकट मिळते!

पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. सिंगापूरही उष्ण कटिबंधातच आहे, पण तिथे बाराही महिने पाऊस पडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर नुसती धो धो बरसात, आणि मग आठ महिने जवळजवळ कोरडे. सिंगापूरच्या चित्रातली बाग आपण जशीच्या तशी लावली, तर मे महिन्यात तिच्यासाठी बादल्यांवर बादल्या पाणी लागेल. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओढ असताना झाडांना एवढं पाणी कुठून आणायचं?

याचं उत्तर आपल्याच मातीतल्या काही झाडांनी शोधून ठेवलंय. चार महिने भराभर वाढायचं, मोठमोठ्या पानांनी अन्न तयार करायचं, ते जमिनीखाली गड्ड्यात साठवायचं आणि पाणी संपलं की पानं टाकून झोपी जायचं. झोपलेल्या झाडाला पान नाही, म्हणून पाणीही नको. आहे की नाही हुशारी?

अशी झाडं आणायला रोपवाटिकेत जायलाच हवं असं नाही. भाजीवाल्याकडे जा. आल्याचा डोळे असलेला तुकडा, दोन-तीन अळकुड्या, कोंब असलेला सुरणाचा तुकडा आणि मिळाली तर ओली हळद एवढं आणा. घरात जुनी बादली, रंगाचा रिकामा डबा असेलच. डबा स्वच्छ धुवा आणि मोठ्या माणसांकडून तळाला चार-पाच भोकं पाडून घ्या. भोकांवर खापराचे तुकडे ठेवा. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा कुजलेला पालापाचोळा आणि थोडी नारळाची शेंडी पिंजून घाला. मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला गड्डे दोन बोटं खोल पुरा. सुरणाला मात्र डबा मोठा हवा आणि जास्त खोल लावायला हवं. वरून वाळलेली पानं पसरली की झालं काम.

आता मांडणी. जंगलात जसे उंच, मधले आणि खुजे असे मजले असतात, तसे करायचे. सुरणाला चांगलं ऊन लागतं, म्हणून तो कठड्याजवळ, मागे. हळद आणि अळू मध्ये. आलं त्यांच्या सावलीत, पुढे. जुलैमध्ये तुमच्या गॅलरीत एक छोटंसं रान उभं राहील.

या रानात बघण्यासारखं खूप आहे. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा घरंगळतो, कारण पानावर बारीक उंचवटे आणि मेणासारखा थर असतो. सकाळी लवकर उठून अळूच्या पानाचं टोक पहा. तिथे एक थेंब लोंबत असेल. तो दव नव्हे! मुळांनी रात्री जास्तीचं ओढलेलं पाणी पान टोकातून बाहेर टाकतं.

हळदीचं पान चुरगाळून वास घ्या. कोकणात याच पानात पातोळ्या उकडतात. आणि सुरण? ठिपक्याठिपक्यांचा दांडा आणि वर एकच पान, पण ते उघडलेल्या छत्रीएवढं! गड्डा मोठा झाला की कधीतरी त्याला फूल येतं, आणि ते कुजलेल्या मांसासारखं घाण मारतं. त्या वासाने कीटक येतात आणि परागकण पोचवतात. सुमात्रा बेटावर सुरणाचा एक राक्षसी भाऊ असतो. तो १८८९ मध्ये त्या क्यू बागेत पहिल्यांदा फुलला. अजूनही तो कुठल्या बागेत फुलला की लोक तो वास घ्यायला रांगा लावतात. त्याचा चुलतभाऊ आपल्याकडे भाजीच्या टोपलीत बसलेला असतो!

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. अळू आणि सुरण कच्चे चाखून पाहायचे नाहीत. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. आई त्यांच्या भाजीत चिंच उगीच नाही घालत. दुसरी गोष्ट, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू द्यायचं नाही. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासून पुसून ठेवायच्या.

दिवाळी उलटली की पानं पिवळी पडू लागतील. घाबरू नका, जास्तीचं पाणीही घालू नका. झाडाला झोप आली आहे! पाणी हळूहळू बंद करा. अळू जरा लबाड आहे, पाणी मिळत राहिलं तर जागाच राहतो. जानेवारी-फेब्रुवारीत हळद आणि आलं खणा. एका तुकड्याचे किती झाले ते मोजा. काही घरात वापरा आणि दोन-चार डोळे असलेले तुकडे कोरड्या मातीत, सावलीत ठेवून द्या. पुढच्या वर्षाची बाग त्यांच्यात आहे.

हे सगळं शिकलात की घराबाहेर पडा. आमच्याकडे उन्हाळ्यात मोकळी जमीन तपकिरी, ओसाड दिसते. लोक तिथे कचरा टाकतात, पाडलेल्या भिंतींचा राबिट टाकतात. म्हणतात, "तिथे आहेच काय?" त्याच मातीखाली रानहळद, शेवळा असे कितीतरी गड्डे झोपलेले असू शकतात. शेवळा हाही सुरणाचाच भाऊबंद. पहिल्या सरींच्या सुमारास तो वर येतो आणि ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी बायका त्याच्या जुड्या बाजारात विकायला आणतात. पण जमिनीवर एकदा सिमेंट पडलं, की खालचे झोपलेले पुन्हा उठत नाहीत. रानातले गड्डे उपटून कुंडीत लावायचे नाहीत हेही त्याचसाठी. त्यांची झोपायची जागा त्यांनाच राहू द्या. बागेसाठी भाजीवाला आहेच.

या वर्षी एक वही करा. कुठलं झाड कोणत्या तारखेला झोपलं आणि कोणत्या तारखेला उठलं, ते लिहा. शेजारच्या मित्राच्या वहीशी ताडून पहा. ऊन, सावली, पाणी यांनी तारखा बदलतात का? उत्तर पुस्तकात शोधू नका, कुंडीत शोधा. आणि पत्र पाठवून मलाही कळवा बरं का!