नवख्या मार्गदर्शकास मुदत द्यावी

माळशिरस तालुक्यातील समस्त क्रीडाप्रेमी नागरिक, पालक आणि शिक्षणसंस्थांचे चालक यांस सविनय निवेदन.

आषाढात माउलींची पालखी आपल्या गावचा मुक्काम आटोपून वेळापूरच्या वाटेस लागली, की शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे वेध लागतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी हा हंगाम पुढे सरकतो. आणि ज्या संघाचे पाऊल पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच अडखळते, त्याच्या मार्गदर्शकास, विशेषतः तो वयाने तरुण आणि अनुभवाने कोरा असेल तर, बदलावे अशी कुजबुज प्रथम चहाच्या दुकानात, मग पालकांच्या बैठकीत आणि अखेरीस सह्यांच्या अर्जाच्या रूपाने संस्थेच्या दप्तरी दाखल होते. बास्केटबॉलसारख्या, आपल्याकडे अद्याप पुरता न रुजलेल्या खेळाच्या बाबतीत तर असा अर्ज फार लवकर तयार होतो. कारण खेळातील बारकावे थोड्यांनाच ठाऊक असले, तरी गुणफलक सर्वांनाच वाचता येतो. त्या अर्जावर सही करण्यापूर्वी अंमळ थांबावे, एवढ्याचसाठी हे आवाहन.

ज्या जेम्स नेस्मिथ यांनी 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधून काढला, त्यांनी पुढे कॅन्सस विद्यापीठाचा संघ सांभाळला, तेव्हा त्यांच्या खाती 55 विजय आणि 60 पराभव जमा झाले. खेळाच्या जनकाची ही कथा! मात्र त्यांच्याच हाताखाली खेळलेले फॉग ॲलन पुढे त्याच विद्यापीठाचे थोर मार्गदर्शक ठरले.

याहून बोधप्रद प्रकरण ड्यूक विद्यापीठाचे आहे. 1980 साली तेथे माइक शेशेफ्स्की या 33 वर्षांच्या तरुणाची नेमणूक झाली. त्याच्या आधीच्या संघाने नुकत्याच संपलेल्या हंगामात 9 सामने जिंकून 17 गमावले होते, म्हणजे शिफारशीदाखल दाखवावे असे त्याच्यापाशी फारसे काही नव्हते. ड्यूकमधील दुसऱ्या वर्षी 10 विजय व 17 पराभव, तिसऱ्या वर्षी 11 विजय व 17 पराभव, आणि त्या हंगामाचा शेवट व्हर्जिनियाकडून 109–66 अशा दारुण पराभवाने. संस्थेचे धनिक पाठीराखे त्याच्या बडतर्फीची उघड मागणी करू लागले. परंतु क्रीडाविभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांनी 1984 च्या जानेवारीत त्याचा करारच वाढवून दिला. ज्या नवशिक्या पोरांनी तो 43 गुणांचा मार खाल्ला होता, त्यांनीच 1986 साली संघास राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. पहिले विजेतेपद मात्र 1991 साली मिळाले आणि 2022 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या गृहस्थाच्या नावावर अशी पाच विजेतेपदे लागली.

आता कोणी म्हणेल, ज्यांना मुदत देऊनही काहीच निष्पन्न झाले नाही, अशांची नावे कोण लिहून ठेवतो? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आंधळी सबुरी मी मागत नाही. जो मैदानावर वेळेवर हजर राहत नाही, मुलांना अपशब्द बोलतो, दुखापत झालेल्यास खेळवतो किंवा निवडीत वशिला चालवतो, त्यास संस्थेने चौकशी करून तत्काळ दूर करावे. तेथे विजय-पराजयाचा प्रश्नच उद्भवत नाही. माझे म्हणणे इतकेच, की केवळ अननुभव हा अपराध नव्हे. क्रिकेटचे गुरू रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम दर्जाचा अवघा एक सामना होता. शिकवण्याचे कसब त्यांनी शिवाजी पार्कच्या धुळीत, शिकवता शिकवताच कमावले.

आणि हे आपल्या तालुक्यास निराळे सांगावे काय? तालमीत आलेला पोरगा पहिल्याच जत्रेत चीतपट झाला, म्हणून आपण वस्ताद बदलत नाही. वेळापूरच्या मातीत खो-खो पिढ्यान् पिढ्या घोटला गेला, तेव्हा कोठे तेथील रामजी कश्यप 2025 साली दिल्लीत नेपाळला 54–36 असे नमवून पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात दिसला. मग ज्या खेळाची कडी दहा फुटांवर असते आणि ज्याचा चेंडू मुरमाड मैदानावर सरळ टप्पाही घेत नाही, त्याच्या नव्या शिक्षकाकडून एकाच पावसाळ्यात फळाची अपेक्षा का धरावी?

तेव्हा संस्थाचालकांस विनंती, की नेमणूक करतानाच निदान दोन हंगामांची मुदत लेखी द्यावी आणि सुटीत त्यास पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेतील अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमास पाठवण्याची तजवीज करावी. त्याचा खर्च नव्या माणसाच्या शोधापेक्षा जड जाईल असे वाटत नाही. मुदत संपल्यावर फेरतपासणी अवश्य व्हावी, पण तीत चषकांबरोबर हेही विचारावे, की आरंभी आलेल्या मुलांपैकी किती मुले टिकली आणि डाव्या हाताने चेंडू टप्पे देत नेणे कितींना साधले. पालकांनी अर्जाचा मसुदा करण्यापूर्वी चार संध्याकाळी सराव स्वतः पाहावा. निवृत्त क्रीडाशिक्षकांस मात्र माझी आग्रहाची विनंती आहे: आपणांपैकी ज्यांना हा खेळ अवगत आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा मैदानावर यावे, त्या तरुणास मुलांदेखत न टोकता सराव आटोपल्यावर दोन गोष्टी सांगाव्यात, आणि ज्या शाळेत येणे सोयीचे असेल तेथील मुख्याध्यापकांस हा हंगाम सुरू होण्यापूर्वी तसे कळवावे.

आपला नम्र,
एक क्रीडाप्रेमी नागरिक, माळशिरस