आनंदी गाणें आणि गंभीर टीकाकार

गेल्या मे महिन्यांत एका संध्याकाळीं माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्या एव्हरशाईन सिटींतील बिऱ्हाडीं आली. तिनें आपल्या गाण्यांचा पहिलाच संग्रह काढला होता. उन्हाळ्याच्या सुटीचीं, आंब्यांचीं, समुद्रावरच्या भटकंतीचीं अशीं सहा हलकीं गाणीं. त्यांवर चार ओळींचा अभिप्राय द्यावा, एवढीच तिची विनंती. वीज गेलेली, अंगाची लाही झालेली, मीं संग्रह चाळल्यासारखा केला आणि लिहून दिलें कीं, "पदार्पण आश्वासक आहे, आवाज गोड आहे, पुढें ही गायिका अधिक गंभीर गायनाकडे वळेल अशी आशा वाटते." तिनें कागद वाचला आणि अगदीं सौम्यपणें विचारिलें, "सर, यांतलं कोणतं गाणं तुम्हीं ऐकलंत?"

मीं एकहि पुरतें ऐकलें नव्हतें.

हा अपराध माझ्या एकट्याचा असता तर त्यासाठीं मासिकाचीं पानें खर्ची घालण्याचें कारण नव्हतें. परंतु तें वाक्य माझें नव्हतेंच. आम्हां इंग्रजी शिकलेल्या मराठी रसिकांच्या टेबलावर तें शिक्क्यासारखें तयार पडलेलें असतें. तरुण मुलीनें हंसरें गाणें म्हटलें, कीं शाई लावून उमटवावयाचें, इतकेंच.

हा शिक्का आम्हीं यापूर्वींहि वापरला आहे. २००२ सालीं ‘ऐका दाजिबा’ हा संग्रह निघाला. गायिका वैशाली सामंत, संगीतकार अवधूत गुप्ते. मी तेव्हां नुकताच प्राध्यापकी करूं लागलों होतों. आमच्या प्राध्यापकांच्या खोलींत त्या गाण्याविषयीं तीन मतें होतीं. पहिलें, गाणें उथळ आहे. दुसरें, गाणें नव्हे तर ईशिता अरुण व मिलिंद गुणाजी यांची चित्रफीतच लोक पाहतात. तिसरा पक्ष स्तुतिपाठकांचा : देशभर दिसणाऱ्या संगीतवाहिन्यांवर मराठी गाणें वाजूं लागलें, म्हणून यांची छाती फुगलेली. मी पहिल्या पक्षांत होतों, हें कबूल केलें पाहिजे. पण आज मागें वळून पाहतां तिसराच पक्ष मला अधिक घातक वाटतो. निंदकानें निदान गाण्याला गाणें समजून नाक मुरडलें; स्तुतिपाठकानें त्याचा झेंडा केला, आणि झेंड्याला लोक वंदन करतात, त्याच्याकडे कान देत नाहींत.

तिन्ही पक्षांत एक गोष्ट मात्र सारखी होती. ती मुलगी गाते कशी, हा प्रश्न कोणीहि विचारला नाहीं. ‘दाजिबा’ हें शहरी मराठींतून हद्दपार होत आलेलें संबोधन. तें उच्चारतांना लटका राग, थट्टा आणि गांवकीची जवळीक हीं तिन्ही एकाच शब्दांत आणावीं लागतात. त्यांतलें एक जरी जास्त झालें तर गाणें बाजारी होतें, कमी झालें तर शाळेच्या स्नेहसंमेलनांतलें वाटतें. वैशालीबाईंच्या गळ्यांत तो तोल आहे. चढ्या लयींत त्या शब्द चिरडीत नाहींत, आणि ज्याला आपल्याकडे ठसका म्हणतात त्याचा आरडाओरडा होऊं देत नाहींत. दुःखाच्या विलंबित गाण्यांत गायकाला मींडेचा आसरा असतो, वाद्यमेळाची सांवली असते. द्रुत आनंदी गाण्यांत श्वास चुकला तर लपवावयास जागाच नाहीं. पुढें २००६ सालच्या ‘जत्रा’ चित्रपटांत आनंद शिंदे यांच्या जोडीनें त्यांनीं ‘कोंबडी पळाली’ म्हटलें, तेव्हां तोच गुण पुन्हां दिसला. पण त्याला ‘गुण’ म्हणण्याची आमची तयारी कोठें होती?

ही अढी आली कोठून? माझ्यापुरतें मी सांगूं शकतों. मॅथ्यू आर्नल्डनें १८८० सालच्या आपल्या काव्यविषयक निबंधांत चॉसरच्या प्रसन्नतेचें मनमोकळें कौतुक केलें, आणि तरीहि त्याला पहिल्या पंक्तींत बसूं दिलें नाहीं; कां, तर त्याच्यापाशीं उच्च गांभीर्य नाहीं. हा निबंध मी गेलीं वीसबावीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. मात्र आर्नल्डनें चॉसर वाचला होता, ही गोष्ट आम्ही शिष्य सोयिस्करपणें विसरलों.

सगळें खापर इंग्रजीवर फोडणेंहि बरोबर नव्हे. आपल्या संस्कृतांतच ‘ऋतुसंहारा’ची गत पाहावी. सहा ऋतूंचे सहा सर्ग, आरंभच ग्रीष्मानें, आणि सारें काव्य तारुण्याच्या उल्हासानें ओथंबलेलें. मल्लिनाथानें ‘रघुवंश’, ‘कुमारसंभव’ व ‘मेघदूत’ यांवर टीका लिहिल्या. ‘ऋतुसंहारा’वर लिहिली नाहीं. पुढच्या विद्वानांपैकीं कोणी म्हणाले, हें कालिदासाचें नव्हेच. कोणी म्हणाले, असेल, पण पोरवयांतलें असेल! म्हणजे कवीला एक तर हांकलून द्यावयाचें, नाहीं तर वयाकडे पाहून क्षमा करावयाची. भरताला असा संकोच नव्हता. त्यानें आठ रसांत हास्याला स्थान दिलें, आणि शृंगारालाच त्याचें जन्मस्थान ठरविलें.

येथें कोणी विचारील, मग काय झाडून सारीं आनंदी गाणीं चांगलीं म्हणावयाचीं? मुळींच नाहीं. त्यांतलीं बहुतेक वाईट असतात! यंत्रांतून काढलेल्या टाळ्या, ओढूनताणून जुळविलेलीं यमकें, हंसूं येत नसतां हंसल्याचें सोंग. माझी तक्रार नेमकी हीच आहे. सारा प्रकारच उथळ ठरविला म्हणजे त्यांतलें बरें कोणतें व वाईट कोणतें, हें सांगण्याचा आपला अधिकार आपणच गमावून बसतों. आणि तो अधिकार रिकामा राहत नाहीं, विक्रीचे आंकडे त्यावर येऊन बसतात. मग बाजारानें अभिरुचि बिघडविली म्हणून परिसंवाद भरविण्यास आपण मोकळे!

आमच्या येथें लग्नसराईंत हळदीच्या रात्रीं इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेंत डीजे लागतो. त्या आवाजाविरुद्ध मीं स्वतः दोनदां तक्रार केली आहे, ती मागें घेण्याचा विचार नाहीं. पण खिडकींतून पाहतां पाहतां एक गोष्ट ध्यानांत आली. नाचणाऱ्या बायका सगळ्याच गाण्यांना नाचत नाहींत. कांहीं गाणीं लागलीं कीं त्या खुर्च्यांवर जाऊन बसतात, पाणी पितात, पदरानें वारा घेतात. ‘ऐका दाजिबा’ लागलें कीं उठतात. आणि त्यांतल्या कित्येकींना तें निघालें तेव्हां बोलतांहि येत नसेल. कोणत्या गाण्याला बसावें हें या बायकांना कळतें, आणि आम्हांला अद्याप कळलें नाहीं.

त्या संध्याकाळीं मीं तो कागद परत घेऊन फाडला आणि चार दिवसांची मुदत मागितली. सहाहि गाणीं तीन तीनदां ऐकलीं. दोन अगदींच सामान्य आहेत. चौथ्याच्या दुसऱ्या अंतऱ्यांत ती शब्दाच्या मध्यें श्वास घेते, त्यामुळें अर्थच तुटतो. तें तिला सांगितलें, तिनें मान्य केलें. पांचवें गाणें खरोखर चांगलें आहे, पण त्याची लय थोडी उतरवावी असें मला वाटतें. तिला तें मुळींच पटत नाहीं. "सर, मग ते उन्हाळ्याचं राहणार नाहीं," असें तिचें म्हणणें. आमचा वाद अद्याप चालू आहे.