चोर सोडून संन्याशाला फांशी

ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच केलेली नाहीं. ती ऐकून आपण हंसतों व हंसून सोडून देतों. पण हीच म्हण आपल्या महाराष्ट्रांत, कागदांवर शिक्के मारून व तीन कोर्टांच्या पायऱ्या चढून, खरी होण्याच्या बेतांत आली होती, हें किती जणांस ठाऊक आहे? गुन्ह्याची बातमी आली कीं "द्या फांशी" म्हणणारीं तोंडें पुष्कळ. पण फांशी कोणाला, कोणाच्या सांगण्यावरून, आणि चूक झाली तर पुढें काय, हें विचारणारा विरळा. तो विचार आज आम्हीं सुकापूरच्या व सगळ्या पनवेल तालुक्याच्या शेतकरी, कारागीर व मजूर बंधुभगिनींपुढें ठेवीत आहों.

सन २००३ च्या जून महिन्यांत नाशिकजवळ मळ्यांत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्रीं दरोडा पडला. पांच माणसें मारलीं गेलीं, बायामुलींची अब्रू लुटली गेली. असलें कृत्य करणारा दयेस पात्र नाहीं असें कोणासही वाटेल, व तें वाटणें स्वाभाविक आहे. पोलिसांनीं सहा जण धरले. सहाही भटक्या जमातीचे, मोलमजुरी करून पोट भरणारे. नाशिकच्या सेशन कोर्टानें २००६ सालीं सहांनाही फांशी सुनावली. मुंबई हायकोर्टानें २००७ सालीं तिघांची फांशी कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें ती जन्मठेपही काढून टाकली व पुन्हां सहांच्याही गळ्यांत दोर अडकविला. त्यांतील एक तर गुन्ह्याच्या वेळीं सज्ञानही नव्हता असें पुढें सिद्ध झालें.

आतां पुढचें ऐका. २०१८ सालीं सुप्रीम कोर्टानें हें प्रकरण पुन्हां उघडलें, आणि ५ मार्च २०१९ रोजीं तिघा न्यायमूर्तींनीं सहांनाही निर्दोष म्हणून सोडून दिलें. त्या रात्रींतून वांचलेल्या बाईनें घटनेनंतर थोड्याच दिवसांत पोलिसांच्या फोटोंच्या वहींतून निराळेच चार इसम ओळखले होते. त्या चौघांचा पुढें तपासच झाला नाहीं. आरोपी गरीब, भटक्या जमातीचे, म्हणून त्यांस खोटें गुंतविलें गेलें असण्याचा संभव नाकारतां येत नाहीं, असें खुद्द न्यायमूर्तींनीं लिहिलें आहे. प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई द्यावी व कसूर करणाऱ्या पोलीस अंमलदारांविरुद्ध कारवाई करावी, असा सरकारास हुकूम झाला.

सोळा वर्षांच्या तुरुंगाचे पांच लाख! हिशेब करा, दिवसाला नव्वद रुपयेही पडत नाहींत. पण हा हिशेब मांडावयास ते सहा जण निदान जिवंत तरी राहिले. २००९ च्या निकालानंतर दोर लौकर ओढला गेला असता, तर २०१९ सालीं कोर्टानें कोणास सोडलें असतें? कोर्ट आपला निकाल फिरवूं शकतें. दोरानें गेलेला जीव फिरवूं शकत नाहीं. फांशीविरुद्ध आमचें पहिलें म्हणणें एवढेंच आहे, आणि त्याला उत्तर नाहीं.

शिवाय फसवणूक केवळ त्या सहांचीच झाली नाहीं. ज्यांचीं पांच माणसें गेलीं त्यांना सोळा वर्षें "न्याय झाला" असें सांगण्यांत आलें, आणि शेवटीं त्यांच्या पदरांत शून्य पडलें. गरिबाला गुंतविलें म्हणजे खरा गुन्हेगार मोकळा सुटतो.

फांशीच्या कोठडींत कोण बसलेला असतो, हेंही पाहूं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठानें २०१६ सालीं फांशीच्या कैद्यांची पाहणी छापली. त्यांतले सुमारें तीन-चतुर्थांश कैदी पैशानें दुबळे, आणि तितकेच मागासलेल्या जातिजमातींचे किंवा अल्पसंख्य धर्मांचे आढळले. श्रीमंत लोक खून करीतच नाहींत काय? करितात, पण त्यांस पहिल्या दिवसापासून मोठा वकील मिळतो, आणि गरिबाची वकिलाशीं पहिली गांठ बहुधा खटला उभा राहतो तेव्हां पडते. मनूच्या कायद्यांत तर ब्राह्मणाला देहदंडाऐवजीं केवळ मुंडन सांगितलें होतें, बाकीच्यांस खरोखरचा देहदंड. त्या कायद्यांत जात उघड लिहिलेली होती. आजच्या कायद्यांत ती लिहिलेली नाहीं, ही मोठी कमाई आहे. पण तिच्या जागीं आतां थैली येऊन बसली आहे. न्यायमूर्ति भगवती यांनीं १९८२ सालीं आपल्या निराळ्या निकालपत्रांत हेंच म्हटलें होतें, कीं फांशीचा तडाखा बहुतेक गरिबालाच बसतो. आणि त्यांच्याही आधीं, ३ जून १९४९ रोजीं, घटना समितींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं फांशीची शिक्षाच रद्द करणें बरें असा आपला कल स्पष्ट सांगितला होता.

भटक्यांच्या बाबतींत तर सुंभ जळला तरी पीळ गेलेला नाहीं. इंग्रजांनीं १८७१ सालीं कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. स्वराज्यांत १९५२ सालीं तो कायदा गेला. पण गांवांत चोरी झाली कीं प्रथम पालांवर बोट जातें, तें कोणत्या कायद्यानें? आमच्या तालुक्यांत भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. त्यांवर विटा वाहणारा बिगारी परमुलखांतून येतो. त्याला येथें ओळखणारा कोणी नसतो; म्हणून संशयाला तोच सोपा सांपडतो. हें वाचून ज्याला राग येईल त्यानें आपल्या आळींतली शेवटची चोरी आठवावी व तेव्हां पहिलें नांव कोणाचें निघालें तें स्वतःशींच सांगावें.

यावर कोणी म्हणेल, "तुमची लेक मारली गेली असती म्हणजे कळलें असतें!" हा सवाल खरा आहे, व त्याला टाळून जाणें आम्हांस शोभणार नाहीं. २०१६ सालीं कोपर्डीची कोवळी पोर गेली, तेव्हां लाखो लोक मुक्यानें रस्त्यावर उतरले व फांशी मागते झाले. २००६ सालीं खैरलांजींत एका दलित कुटुंबांतील माणसें ठेंचलीं गेलीं, तेव्हांही फांशीचीच मागणी झाली. दोन्हीं ठिकाणचें दुःख सारखेंच खरें. पण एका ठिकाणीं फांशीसाठीं ओरडणारा दुसऱ्या ठिकाणीं गप्प बसतो, हेंही आपण पाहिलें आहे. आपल्या जातीची लेक गेली तर दोर, आणि आपल्या जातीचा आरोपी असला तर दया, याला न्याय म्हणत नाहींत. ही भाऊबंदकी झाली.

आणि दोराचें आश्वासन तरी सरकार कोठें पाळतें? लहान मुलें पळवून त्यांचे जीव घेणाऱ्या दोघी बहिणींस कोल्हापूरच्या कोर्टानें २००१ सालीं फांशी सुनावली. सुप्रीम कोर्टानें ती २००६ सालीं कायम केली. पुढें दयेच्या अर्जावर सरकार सात वर्षांहून अधिक काळ बसून राहिलें, व त्या दिरंगाईपायीं २०२२ सालीं हायकोर्टाला जन्मठेप द्यावी लागली. ज्या आयांचीं मुलें गेलीं त्यांनीं वीस वर्षें कशाची वाट पाहिली? पहिल्याच दिवशीं ठाम जन्मठेप झाली असती, तर त्या माउल्यांस कोर्टाच्या तारखा मोजाव्या लागल्या नसत्या. गुन्हेगार दोराच्या जाडीला भीत नाहीं. आपण खात्रीनें व लौकर पकडले जाऊं याला भितो. केंद्राच्या विधि आयोगानेंही २०१५ सालीं, दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून, फांशी काढून टाकावी असाच अभिप्राय दिला.

मरण केवळ निकालानेंच येतें असेंही नाहीं. आपल्याच तालुक्यांतील तळोज्याच्या तुरुंगांत फादर स्टॅन स्वामी हे ८४ वर्षांचे, कंपवातानें हात थरथरणारे वृद्ध ठेवले होते. त्यांच्यावरचा आरोप खरा कीं खोटा हें ठरविणारा खटला उभाच राहिला नव्हता. जामिनाचा अर्ज कोर्टांत असतांच ५ जुलै २०२१ रोजीं ते मुंबईच्या इस्पितळांत वारले. त्यांचीं मतें कोणास पटोत वा न पटोत. निकालावांचून म्हाताऱ्याला मरेपर्यंत कोंडून ठेवणें ही शिक्षा कोणत्या कलमांत लिहिली आहे?

पण दोष एकट्या सरकारचा सांगून आपण मोकळे होऊं नये. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांत राईनपाडा येथें पोरें पळविणारे समजून पांच भिक्षेकऱ्यांस गांवानें ठेंचून मारलें. ते डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठीं हिंडणारे लोक होते. १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें तशाच अफवेनें दोन साधू व त्यांचा ड्रायव्हर मारला गेला. येथें म्हणींतला संन्यासी शब्दशः मेला! तेथें ना साक्षीदार, ना वकील, ना अपील. गांवच पोलीस, गांवच न्यायाधीश व गांवच मारेकरी. जो गांव अफवेवर माणूस मारतो, त्याला सरकारी फांशीचें भय वाटलें काय?

म्हणून आम्हीं म्हणतों कीं फांशी जावी, व तिच्या जागीं न सुटणारी लांब कैद, प्रामाणिक तपास, आणि खोटा पुरावा रचणाऱ्या अंमलदारास शिक्षा या तीन गोष्टी याव्या. कायदा बदलणें आमदार-खासदारांच्या हातीं आहे. मत मागावयास आले म्हणजे त्यांस हें विचारा. पण कांहीं गोष्टी आजच तुमच्या हातांत आहेत. पंच म्हणून बोलावलें तर कोऱ्या कागदावर सही किंवा आंगठा देऊं नका. डोळ्यांनीं पाहिलें तेंच लिहूं द्या. साक्षींत ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून सांगूं नका. अफवा उठली तर परक्या माणसाला मध्यें घेऊन बसा व पोलिसांस बोलवा. आणि आपला कोणी धरला गेला तर घाबरून शेत गहाण टाकूं नका. १९८७ च्या कायद्यानें अटकेंतल्या माणसाला, तसेंच बायका, मुलें, अनुसूचित जाती व जमाती यांस सरकारी खर्चानें वकील मागण्याचा हक्क आहे. त्यासाठीं पनवेलच्या कोर्टांत विधि सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या नंबरावर फोन करावा. वकील पहिल्या दिवसापासून मागा. शेवटच्या दिवशीं मिळालेला वकील हा मेल्यावर आलेला वैद्य होय.

नाशिकच्या त्या सहांच्या पाठीशीं आरंभीं कोणी उभें राहिलें असतें, तर त्यांची सोळा वर्षें वांचलीं असतीं, आणि खरे गुन्हेगारही कदाचित् सांपडले असते. उद्यां आपल्या वेशीवर असाच एखादा परका, गरीब माणूस दोरीनें बांधून उभा केला जाईल. तेव्हां "यानेंच केलें कशावरून?" हा एक प्रश्न विचारण्याचें धैर्य सुकापूरच्या एका तरी माणसानें दाखवावें.