हिरड्याच्या गावात बाटलीतला रंग

मागच्या रमजान ईदची गोष्ट. ईदगाहवरून परतताना गळाभेटी चालल्या होत्या आणि एका दोस्ताने माझ्या छातीकडे बोट दाखवलं. पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत काळा पट्टा उमटला होता, जानवं घातल्यासारखा. गळ्यात अडकवलेल्या चामडी बॅगेचा पट्टा मीच कापला, मीच शिवला आणि मीच रंगवला होता. घामाने त्याचा रंग सुटला. घरी आल्यावर अम्मीने एवढंच विचारलं, "ईद का कुर्ता पेनके गया था की होली का?"

शाळेतल्या नोकरीतून उरलेल्या वेळात मी चामड्याच्या वस्तू बनवतो. कमरेचे पट्टे, पाकिटं, वह्यांची आणि पुस्तकांची वेष्टनं. फार मोठा कारागीर नाही, पण जुन्नर-मंचर-घोडेगाव भागात माझ्यासारखी हौशी पोरं आता बरीच झाली आहेत. मोबाइलवर बघून शिकतात, ऑनलाइन अवजारं मागवतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, रंग कोणत्या कंपनीचा चांगला?" मीही अनेक वर्षं हाच प्रश्न विचारत होतो. आता माझं स्पष्ट मत झालं आहे की हा प्रश्नच उलटा आहे.

तो सरळ करून दिला घोडेगावच्या एका चर्मकार काकांनी. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात अजूनही रापी अशी फिरते की बघत राहावं. डाग पडलेला कुर्ता नव्हे, तो पट्टा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पट्ट्याची कड नखाने खरवडली, कापलेल्या बाजूला आतला रंग पाहिला, ओठाला लावून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, रंगाचं नंतर. आधी हे कातडं कशानं कमावलंय ते सांगा."

मला सांगता येईना. दुकानदाराला मी विचारलंच नव्हतं.

कातडं कमावण्याच्या दोन मोठ्या तऱ्हा आहेत. एक क्रोमची. क्रोमियमच्या क्षारात कातडं टाकलं की ते दिवसभरात कमावून होतं, ओलं असताना निळसर दिसतं आणि पुढे मऊ राहतं. जगातलं बहुतेक चामडं आज असंच बनतं. दुसरी तऱ्हा झाडाची: बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल. याला काही आठवडे लागतात. हे चामडं घट्ट, लालसर-पिवळं असतं, पाणी पितं आणि ठोकलेली नक्षी धरून ठेवतं. कोल्हापुरी चप्पल याच दुसऱ्या घरातली. बाभूळ आणि हिरडा हे तिचे आईबाप म्हणा ना.

रंगाचं सगळं शास्त्र या एका फरकावर उभं आहे. क्रोमचं चामडं कारखान्यातच फिरत्या पिंपात आतपर्यंत रंगवलेलं असतं. ते घरी आणून त्याला दुसरा रंग देणं म्हणजे रंगवलेल्या भिंतीवर खडूने लिहिणं. माझा पट्टा नेमका तसा होता. क्रोमच्या चामड्यावर मी स्पिरिटचा काळा रंग चढवला होता. स्पिरिट भराभर उडून जातं, रंगाची पूड वरच्या वर बसते आणि कपड्याने घासून घासून काढली नाही तर पहिल्या घामाला निघून येते. शिवाय स्पिरिट चामड्यातलं तेल ओढून घेतं, म्हणून पट्टा कडकही झाला होता. पाण्यातला रंग सावकाश चढतो, ठिपके पडू देत नाही, पण त्यावर मेण किंवा लाखेचा हात मारावा लागतो. आणि तिसरा तो जाड ॲक्रिलिक रंग. तो चामड्यात शिरतच नाही, वर साय धरल्यासारखा बसतो आणि जिथे घडी पडते तिथे तडकतो. काका त्याला "मेकअप" म्हणतात. खराब कातड्याचे वण झाकायचे असतील तर ठीक, चांगल्या कातड्यावर तो लावणं मला तरी अन्याय वाटतो.

मग मी विचारलं, "काका, तुमच्या लहानपणी काळं कसं करायचे?"

ते हसले. "तुमच्या डोंगरात काय कमी आहे का?"

डोंगर म्हणजे जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा. आपटाळ्याच्या पुढे नाणेघाटापर्यंत, इकडे डिंभ्याच्या वर आहुपे-भीमाशंकरपर्यंत. इथे महादेव कोळी घरांची बांधावरची, माळावरची, रानातली हिरड्याची झाडं आहेत आणि वर्षाच्या रोकड पैशाचा मोठा आधार तीच. कोवळी फळं पाडून वाळवली की ती काळी, सुरकुतलेली होतात. तो बाळहिरडा, औषधाला जातो, भाव त्यालाच. झाडावर पिकू दिलेला मोठा हिरडा मात्र पाच धारांचा, पिवळट, दगडासारखा कडक. तो कातडं कमावायला आणि रंगाला. त्याच्या वजनात तीस टक्क्यांच्या आसपास टॅनिन असतं, म्हणजे तोच तुरटपणा, ज्याने जीभ आकसते आणि कातडं टिकतं.

एका सुट्टीत त्या बाजूला गेलो. ओसरीवर एक मावशी विळ्यावर हिरडा फोडत बसल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, मला काळा रंग करायचाय, यातून होतो म्हणतात. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे पसरले. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना काळंभोर. विळ्याचं पातंही तसंच. "हा जातोय का बघा धुऊन," त्या म्हणाल्या. "साबण लावा नाहीतर राख लावा, महिनाभर राहतो."

इतकी वर्षं याच गावात राहून मला हे माहीत नव्हतं. विळ्याचं लोखंड आणि हिरड्याचा तुरट रस भेटले की काळं होतं. हा रंग वरून लावलेला नसतो, तिथल्या तिथे जन्माला येतो. चामडं हिरड्या-बाभळीने कमावलेलं असेल तर त्याच्या नसानसांत तो तुरटपणा आधीच असतो. आपण फक्त लोखंडाचं पाणी न्यायचं.

ते पाणी करायला घरातला सिरका पुरतो. मुसलमानाच्या घरात सिरका असतोच. रसूलल्लाहंना तो सालन म्हणून आवडायचा हे लहानपणापासून ऐकत आलो, तो माझ्या कारागिरीलाही उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. काचेच्या बरणीत सिरका, त्यात गंजके खिळे. स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजत नाही म्हणूनच तर आपण ती घेतो. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू तयार होतो. दोन आठवड्यांनी गाळून घ्यायचं. इकडे हिरड्याची भरड रात्रभर भिजवून ते पाणी चामड्याला दोनदा पाजायचं, ओलसर असतानाच लोखंडाच्या पाण्याचा हात फिरवायचा. आधी राखाडी, मग निळसर आणि चार-पाच मिनिटांत असा काळा की मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोंडातून सुभानअल्लाह निघालं. त्यानंतर खायच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसायचं, साध्या पाण्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं आणि तेल द्यायचं.

सोडा आणि तेल हे विसरू नका. "नैसर्गिक म्हणजे निर्धोक" असं जे सध्या प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं, त्यावर माझा विश्वास नाही. लोखंड जास्त झालं, आम्ल मागे राहिलं तर हाच काळा रंग चामड्याला आतून खातो. दोन-चार वर्षांत पट्टा वाकवला की तुटतो. युरोपातली जुनी कागदपत्रं बघा, तिकडे मायफळ आणि लोखंडाची शाई वापरत. कित्येक कागदांना अक्षरांच्या जागी भोकं पडली आहेत. आपल्याकडे मोडी कागदांवर काजळीची शाई होती, ती कागदाला खात नाही. एके काळी जुन्नरी कागदाला मोठं नाव होतं, तो बनवणारे कागदी मुसलमान होते, आणि तो टिकण्यात त्याच्यावर लिहिणाऱ्यांच्या काजळीचाही वाटा आहे. हे मी यासाठी सांगतो की आपल्या पूर्वजांनी रंग निवडताना तो कशावर बसणार आहे हे आधी पाहिलं होतं.

कच्छमधले खत्री मुसलमान आजही तसंच करतात. अजरख छापण्याआधी ते कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळं करतात आणि गंजकं लोखंड, गूळ, बेसन यांच्या आंबवलेल्या पाण्याने काळी रेघ छापतात. तीच जोडी, हिरडा आणि लोखंड. ते अजरख जगभर विकलं जातं आणि आमच्या डोंगरातला हिरडा पोत्यात भरून, व्यापारी म्हणेल त्या भावाला, बाहेर जातो. तिथून त्याचं काय होतं हे फोडणाऱ्या मावशीला कुणी सांगत नाही. आणि मी त्याच डोंगराच्या पायथ्याशी बसून कुरिअरने काळ्या रंगाची बाटली मागवतो. कुर्त्यावरच्या डागापेक्षा याची मला जास्त लाज वाटली.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडली, उन्मळली. आंब्याचं झाड पडलं तर ते बाग म्हणून कागदावर मोजलं जातं. हिरडा ना शेतात ना बागेत, म्हणून तो नियमांत बसेना. पंचनामे झाले, पण भरपाईसाठी किसान सभेला आणि इथल्या आदिवासी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं मोर्चे आणि उपोषणं करावी लागली. हिरड्याचं झाड फळावर यायला किती वर्षं लागतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या नुकसानीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. कारागिरांनी मोठा हिरडा थेट घरांकडून घेतला, भाव बाळहिरड्याच्या जवळ नेऊन दिला तर डोंगर काही बदलणार नाही, हे मला कळतं. एका पट्ट्याला मूठभर हिरडा लागतो. पण मूठभराचे पैसे तरी योग्य माणसाला मिळतात.

आता थोडं आपल्या घरचं. बकरी ईदच्या कातड्यांवर एके काळी मदरशांचा वर्षाचा काही खर्च निघायचा. आज बकऱ्याच्या खालेला भाव राहिलेला नाही, अनेक ठिकाणी ती उचलायलाही कुणी येत नाही, मीठ लावायचाही कंटाळा केला जातो आणि खड्ड्यात पुरली जाते. मोठ्या जनावरांच्या चामड्याचा धंदा 2015 च्या कायद्यानंतर कसा भीतीखाली आला ते वेगळं सांगायला नको. भीती खरी आहे, पण बकऱ्याच्या कातड्याला कुठला कायदा आडवा येतो? तिथे आपला आळस आहे, आणि थोडी लाजही. "चामड्याचं काम" म्हटलं की आपल्यातलेही नाक मुरडतात. मी हे काम करतो म्हणून एका नातेवाइकाने मला "और कुछ नई मिला क्या?" असं विचारलं आहे. जातीचा हा वास आपल्याकडे नाही असं आपण मिंबरवरून सांगतो. दबागतीने कातडं पाक होतं हे फिकहच्या पहिल्या धड्यात, तहारतच्या प्रकरणात, मुलांना शिकवलं जातं. हदीसमध्ये तर ते कशाने कमवावं याचाही उल्लेख येतो, पाणी आणि करज. करज म्हणजे आपल्या बाभळीचंच भावंड. मग ते कमावणारा ढोर समाजातला माणूस आणि शिवणारा चर्मकार आपल्या नजरेत कमी कसा?

बकऱ्याचं झाडाने कमावलेलं कातडं पुस्तक बांधायला सगळ्यात उत्तम. मोरोक्कोच्या नावाने जगभर ओळखलं गेलेलं बांधणीचं चामडं बकऱ्याचंच. आणि आपण कुर्बानीची खाल पुरून कुरआन शरीफला रेक्झिनचं वेष्टन घालतो, जे तीन पावसाळ्यांत सोलवटतं.

गेल्या वर्षी अब्बांच्या जुन्या मुसहफसाठी मी नवं वेष्टन केलं. कातडं ओळखीच्या माणसाकडून कमावून घेतलं, हिरडा त्या मावशींचा, लोखंडाचं पाणी माझं. नुसतं काळं, वर काही नक्षी नाही. तेल दोनदा दिलं. अब्बांनी हातात घेतल्यावर पहिल्यांदा पांढऱ्या रुमालाने घासून पाहिलं. कुर्त्याची गोष्ट ते विसरले नव्हते. रुमाल पांढराच राहिला.

काळ्याचं जमलं, तपकिरीचं अजून जमत नाही. हिरडा नुसता दिला तर फिकट पिवळा येतो, बाभळीने लालसर येतो, पण मला हवा तो चहासारखा गडद रंग येत नाही. काका म्हणतात कात वापरून बघा. चिपळूण-खेड भागातल्या वाचकांपैकी कुणाला खैराच्या कातेने चामडं रंगवण्याची माहिती असेल, किंवा घरात कुणी म्हातारं माणूस असेल ज्याने ते होताना पाहिलं आहे, तर कृपया कळवा. पानाला लावायचा कात चालेल की वेगळा घ्यावा लागतो, इथपासून सुरुवात आहे.